जुना संगणक सुरू होईना, तेव्हा

शाळेच्या कार्यालयात किंवा पंचायतीच्या कचेरीत दहा-पंधरा वर्षे इमानाने राबलेला संगणक एखाद्या सकाळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक इंग्रजी ओळ दाखवतो आणि स्वस्थ बसतो. 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड', म्हणजे कार्यप्रणाली सापडत नाही, असा त्या ओळीचा आशय असतो. मग पुढील दोन गोष्टींपैकी एक हमखास घडते. कोणी बटण दाबून यंत्र दहा वेळा बंद-चालू करून पाहतो, तर कोणी 'फॉरमॅट मारा' किंवा 'नवा घ्या' असा सल्ला देऊन मोकळा होतो. पहिल्या उपायाने बहुधा काहीच साधत नाही. दुसऱ्याने मात्र कधीही भरून न येणारे नुकसान होऊ शकते, कारण त्या यंत्रात शाळेच्या प्रवेश-नोंदी, निकालपत्रके, ठरावांच्या प्रती आणि वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार साठवलेला असतो. यंत्राची किंमत जुन्या बाजारात चार आणे उरली असली, तरी आतील मजकुराची किंमत तशी नसते. म्हणून संगणक सुरू होताना नेमके काय घडते आणि त्यातील कोणत्या टप्प्यावर तो अडला आहे, हे ओळखता येणे शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने उपयुक्त ठरावे.

बटण दाबल्यानंतर

संगणकाला वीज मिळाली म्हणजे तो लगेच कामाला लागतो, ही समजूत चुकीची आहे. प्रथम त्याचा वीजपुरवठा-संच, ज्याला कारागीर 'एसएमपीएस' म्हणतात, स्वतःचे दाब स्थिर झाल्याचा इशारा मदरबोर्डला देतो. हा इशारा मिळाल्यावरच प्रोसेसर जागा होतो. त्या क्षणी त्याच्या स्मृतीत काहीही नसते. काय करावे हे सांगणारा एक छोटा आज्ञासंच मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमचा लिहून ठेवलेला असतो. त्यास 'बायोस' असे नाव आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हापासून ही व्यवस्था रूढ झाली. अलीकडच्या यंत्रांत तिची जागा 'यूईएफआय' या अधिक प्रगत व्यवस्थेने घेतली आहे.

बायोस आधी घरातली माणसे मोजतो. रॅम आहे काय, पडद्याचे कार्ड आहे काय, कळफलक जोडला आहे काय, याची तो चौकशी करतो. ती समाधानकारक झाली, की ठरलेल्या क्रमाने एकेका साठवण-साधनाकडे वळतो. जुन्या पद्धतीत हार्ड डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचला जातो आणि त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत '५५' व 'एए' ही ठरीव खूण आहे की नाही, हे पाहिले जाते. खूण दिसली तर त्या तुकड्यातील आज्ञा चालू होतात. त्या अधिक मोठ्या कार्यक्रमास हाक मारतात आणि तो शेवटी विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीस स्मृतीत आणून बसवतो. छोट्याने मोठ्यास उठवायचे, अशी ही साखळी आहे. स्वतःच्याच बुटाचे बंद ओढून स्वतःला वर उचलावे, अशा अर्थाच्या एका इंग्रजी वाक्प्रचारावरून या क्रियेस 'बूट होणे' म्हणतात. साखळीची कोणती कडी तुटली, हे शोधणे म्हणजेच दुरुस्तीचे निम्मे काम होय.

टप्पा ओळखावा

बटण दाबूनही दिवा लागत नाही आणि पंखा फिरत नाही, अशी स्थिती असेल तर दोष विजेच्या वाटेवर आहे. भिंतीवरील प्लग, जोडतार आणि पेटीच्या मागचा छोटा स्विच आधी तपासावा. सफाई करताना हा मागचा स्विच नकळत बंद झाल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. काही जुन्या संचांवर ११५ आणि २३० असे अंक असलेला लाल सरकता खटका असतो. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची असल्याने तो २३० वरच हवा. तो ११५ वर सरकवून यंत्र चालू केले तर संच तत्क्षणी जळतो. संचाचे झाकण मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार काही काळ शिल्लक राहतो. शंका असल्यास तशाच जातीचा दुसरा संच जोडून पाहणे, हाच सुरक्षित मार्ग आहे.

पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच उमटत नाही आणि आतून 'पीप पीप' असा ध्वनी येतो, तेव्हा बायोस आपले गाऱ्हाणे आवाजाने सांगत असतो. पीप किती व कसे, याचा अर्थ प्रत्येक उत्पादकाच्या बाबतीत वेगळा आहे. तथापि जुन्या यंत्रात त्याचे मूळ बहुतेक वेळा रॅममध्ये सापडते. पेडण्यापासून काणकोणपर्यंत पावसाळ्याचे चार महिने हवेत जी ओल असते आणि किनाऱ्यालगत जी खारी हवा वाहते, तिने रॅमच्या पट्टीवरील धातूच्या टोकांवर सूक्ष्म थर साचतो. उपाय अगदी साधा आहे. प्लग काढावा, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज निचरू द्यावी, पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज जाऊ द्यावी आणि मग पट्टी अलगद काढावी. तिची सोनेरी टोके शाळेतील पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावीत, रबराचा भुगा झटकावा आणि दोन्ही बाजूंचे खटके आपोआप लागेपर्यंत पट्टी पुन्हा बसवावी. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी. त्यातून दोषी कोण, हे उघड होते. पाण्याने ओलसर केलेले फडके किंवा घासकागद मात्र कदापि वापरू नये.

यंत्र सुरू होऊन काही सेकंदांतच बंद पडते, असेही होते. मग प्रोसेसरवरील पंखा पाहावा. कोळिष्टके, धूळ आणि क्वचित पालीची अंडी यांनी तो गच्च झालेला असतो. त्याखालचा उष्णता वाहून नेणारा लेप सुकून चुना झालेला असतो, तोही बदलावा लागतो. झाकण उघडलेच आहे, तर मदरबोर्डवरील नळकांड्यासारख्या कपॅसिटरांच्या माथ्यांकडे एक नजर टाकावी. माथा सपाट असावयास हवा. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जगभर बनलेल्या अनेक मदरबोर्डांत सदोष कपॅसिटर वापरले गेले होते आणि ते फुगून किंवा पाझरून असंख्य यंत्रे निकामी झाली. माथा फुगीर दिसला किंवा त्यावर तपकिरी डाग आढळला, तर दोष कार्यप्रणालीत शोधण्यात अर्थ नाही.

एका बटणाएवढ्या बॅटरीचा खेळ

पडदा उजळतो, उत्पादकाचे नाव दिसते आणि मग ती 'सापडत नाही' ची ओळ येते, हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. घबराटही यानेच अधिक उडते. त्याचे कारण पुष्कळदा हास्यास्पद वाटावे इतके क्षुल्लक असते. मागे किंवा पुढे एखादा पेन ड्राइव्ह विसरून राहिलेला असतो आणि संगणक त्यातच कार्यप्रणाली शोधत बसतो. तो काढून यंत्र पुन्हा चालू केले, की काम होते.

पेन ड्राइव्ह नसेल, तर पडद्यावरील तारीख पाहावी. ती पंधरा-वीस वर्षे मागे गेली असेल, तर गुन्हेगार बहुधा सापडलाच म्हणून समजावे. मदरबोर्डवर 'सीआर २०३२' या नावाची एक गोल चपटी बॅटरी असते. तिचा व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर व दाब ३ व्होल्ट असतो, आणि ही माहिती तिच्या नावातच दडलेली आहे. २० हा व्यास, तर ३२ ही मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजलेली जाडी. यंत्राचा प्लग काढलेला असतानाही घड्याळ चालू ठेवणे आणि बायोसमधील निवडी जपणे, हे तिचे काम. काही वर्षांनी ती क्षीण होते. शाळा दीर्घ सुट्टीनंतर उघडली, की संगणक सुरू होत नाही, या अनुभवामागे हेच कारण असते. सुट्टीत प्लग काढून ठेवलेला असतो आणि सारा भार त्या बॅटरीवर पडतो.

बॅटरी संपली म्हणजे बायोस आपल्या निवडी विसरतो आणि कारखान्यातील मूळ निवडींकडे परततो. त्याचे परिणाम दोन. एक तर साधनांचा क्रम बदलतो आणि हार्ड डिस्कची पाळी येतच नाही. दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. हार्ड डिस्कशी बोलण्याच्या 'आयडीई' आणि 'एएचसीआय' अशा दोन रीती जुन्या यंत्रांत असतात. विंडोज ज्या रीतीत बसवले गेले, त्याऐवजी दुसरी रीत निवडली गेली, तर विंडोजचे चिन्ह क्षणभर दिसते आणि लगेच निळा पडदा येतो. त्यावरील संकेतांकाच्या शेवटी '७बी' ही अक्षरे असतात. पुष्कळ कारागीर हा निळा पडदा पाहून विंडोज बिघडले असा निष्कर्ष काढतात आणि सगळे पुसून नव्याने बसवतात. वास्तविक बायोसमध्ये एक निवड पूर्ववत केली असती, तर संगणक होता तसा उठून बसला असता.

बॅटरी बदलणे कोणासही जमण्याजोगे आहे. घड्याळाच्या दुकानात ती अल्प किमतीत मिळते. प्लग काढून, बाजूचा खटका हलकेच दाबून जुनी काढावी व अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवी बसवावी. त्यानंतर यंत्र चालू करून 'डिलीट' किंवा 'एफ २' ही कळ दाबत राहिल्यास बायोसचा तक्ता उघडतो. काही यंत्रांत ही कळ 'एफ १०' किंवा 'एफ १' असते. तेथे तारीख व वेळ नीट लावावी, हार्ड डिस्क यादीत दिसते याची खात्री करावी, तिला क्रमात वर आणावे आणि निवडी जतन करून बाहेर पडावे. तारीख चुकीची ठेवू नये. तारीख चुकली तर इंटरनेटवरील सुरक्षित संकेतस्थळे यंत्रास दाराशीच अडवतात, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत तारखेवरून ताडली जाते. यंत्र सुस्थितीत असतानाच बायोसच्या प्रत्येक तक्त्याचे मोबाइलने छायाचित्र काढून ठेवणारे कार्यालय शहाणे म्हणावे.

जुनी बॅटरी मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नये. अशी बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिकेस दोन तासांच्या आत गंभीर भाजणी होऊ शकते. असा प्रसंग आल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मजकूर आधी, यंत्र नंतर

तारीख बरोबर आहे, पण बायोसच्या यादीत हार्ड डिस्क दिसतच नाही, तर तिच्या दोन्ही तारा काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. रुंद फितीची तार असलेल्या अतिजुन्या डिस्कवर 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' ठरवणारी एक इवलीशी टोपी असते. दुसरी डिस्क किंवा सीडी ड्राइव्ह जोडताना ती चुकीच्या जागी बसली, तर दोन्ही साधने दिसेनाशी होतात.

डिस्कमधून 'टक्, टक्' असा ठरावीक लयीत आवाज येत असेल, तर यंत्र ताबडतोब बंद करावे आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. आतील वाचक-टोक आपली जागा शोधत असते आणि प्रत्येक प्रयत्नागणिक डिस्कचा पृष्ठभाग खरवडला जाण्याचा संभव असतो. आतील मजकूर मोलाचा असल्यास ती तज्ज्ञाकडेच द्यावी. आवाज नसेल, तर मजकूर वाचवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे डिस्क काढून यूएसबी जोडणीच्या साधनाने दुसऱ्या संगणकास लावणे. दुसरा म्हणजे पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करणे. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत हार्ड डिस्कवर काहीही न बसवता नुसते चालवून पाहण्याची सोय असते. तशा रीतीने यंत्र उठले, की जुन्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतात. डिस्क दुरुस्त करणारे कार्यक्रम त्यानंतर चालवावेत, आधी नव्हे. आजारी डिस्कवर दुरुस्ती चालवणे म्हणजे मोडक्या साकवावरून भरली गाडी हाकणे होय.

मराठी व कोकणी मजकुराच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी देवनागरी टंकलेखन श्रीलिपी, आयएसएम अशा संचांच्या आपापल्या फॉन्टांत होत असे. त्या फायली नव्या यंत्रावर उघडल्या, की सरपंचांच्या ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन काला दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो, फक्त त्याचा फॉन्ट मागे राहिलेला असतो. यास्तव फायलींबरोबर विंडोजच्या फोल्डरातील 'फॉन्ट्स' हा फोल्डरही उतरवून घ्यावा. यंत्राच्या मागे हार्डवेअर लॉक म्हणून ओळखली जाणारी छोटी डबी लावलेली असेल, तर ती भंगारात जाऊ देऊ नये, कारण काही लिपी-संच त्या डबीवाचून चालत नाहीत.

जुने यंत्र, नवी कार्यप्रणाली

कधी यंत्र धडधाकट असते, पण त्यात नवी कार्यप्रणाली बसवू गेल्यास ते उठत नाही. येथे दोष यंत्राचा नसून जोडी जमवणाऱ्याचा असतो. वैयक्तिक संगणकात ६४ बिटी प्रोसेसरची जी पद्धत आज रूढ आहे, ती एएमडी कंपनीने २००३ साली प्रथम आणली आणि पुढच्याच वर्षी इंटेलने तिचा स्वीकार केला. त्यापूर्वीची व नंतरचीही काही यंत्रे ३२ बिटी आहेत. अशा यंत्रात ६४ बिटी लिनक्स किंवा विंडोज कधीच चालणार नाही, मग पेन ड्राइव्ह कितीही वेळा नव्याने बनवला तरी. याउलट ६४ बिटी यंत्रात ३२ बिटी प्रणाली बहुधा चालते, पण अधिकची रॅम वापरात आणणे तिला सहसा जमत नाही. २००३ च्या सुमाराच्या काही पेन्टियम एम प्रोसेसरांची गंमत वेगळीच. 'पीएई' हे सामर्थ्य त्यांच्या अंगी असते, पण ते तसे जाहीर करत नाहीत. त्यामुळे पुष्कळ लिनक्स आवृत्त्या त्यांना दारातूनच परत पाठवतात. सुरुवातीच्या ओळीत 'फोर्सपीएई' हा शब्द घातला, की काम भागते.

पेन ड्राइव्ह तयार करताना जुन्या बायोसची रीत व नव्या यूईएफआयची रीत यांतील भेद लक्षात घ्यावा. जुन्या यंत्रासाठी 'एमबीआर' या रचनेचा पेन ड्राइव्ह लागतो आणि नवी 'जीपीटी' रचना त्यास बहुधा उमगत नाही. एमबीआर रचनेत सुमारे २.२ टेराबाइटांच्या पलीकडची जागा मोजताच येत नाही. म्हणून जुन्या यंत्रास मोठी डिस्क लावून वरची जागा कोठे गेली, असे विचारण्यात हशील नाही. काही यंत्रे मागच्या यूएसबी जोडणीवरून उठतात, पुढच्या नव्हे. फार जुनी तर पेन ड्राइव्हवरून उठतच नाहीत, त्यांना सीडीच लागते.

कोणती प्रणाली निवडावी, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नाही. विंडोज एक्सपीचे सुरक्षा-सुधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-चिप, शिवाय कंपनीच्या यादीतील अलीकडचा प्रोसेसर, अशा अटी आहेत. आडवाटेने या अटी चुकवून ते बसवण्याचे सल्ले बाजारात मिळतात, पण २०२४ च्या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही विशिष्ट आज्ञा नसतील, तर विंडोज ११ उठतच नाही. मग जुन्या यंत्रास लिनक्सच श्रेयस्कर ठरते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने डेबियनवर आधारित 'बॉस' ही प्रणाली भारतीय भाषांची सोय करून विकसित केली आहे. केरळच्या सरकारी शाळांत तर मुक्त प्रणालीवर वर्षानुवर्षे अध्यापन चालू आहे. ३२ बिटी यंत्रांचे दिवस मात्र भरत आले आहेत. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी स्वतंत्र बसवणी देणे बंद केले. बारावी आवृत्ती किंवा अँटिएक्स यांसारखी हलकी प्रणाली, एवढाच त्यांना आधार उरला आहे.

प्रणाली बसवताना मध्येच निरनिराळ्या ठिकाणी अडथळा येत असेल, म्हणजे एकदा या टक्क्यावर, तर दुसऱ्यांदा त्या टक्क्यावर, तर दोष पेन ड्राइव्हचा किंवा रॅमचा असतो. 'मेमटेस्ट' नावाचा मोफत कार्यक्रम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवावा. सकाळी पडद्यावर लाल ओळी दिसल्या, तर ती रॅम बदलल्यावाचून गत्यंतर नाही.

एवढे करूनही यंत्र उठले नाही, तर ते निकामी ठरवून नोंदवहीतून कमी करावे लागते. ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत. त्यांनुसार असे यंत्र भंगारवाल्यास न विकता नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे पोचते करावयाचे असते. देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून ठेवावी. त्यावरील फायली नुसत्या पुसल्याने जात नाहीत, साध्या कार्यक्रमानेही त्या परत मिळवता येतात. विद्यार्थ्यांचे पत्ते, जन्मतारखा आणि पालकांची बँक खाती त्यात असतात. सर्व मजकूर दोन ठिकाणी उतरवून झाल्याची मुख्याध्यापकांनी किंवा सचिवांनी स्वतः खात्री करावी. त्यानंतर संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहून घ्यावीत. डिस्क चालतच नसेल, तर तिची तबकडी निरुपयोगी करून मगच ती केंद्राच्या स्वाधीन करावी.